रानरेड्यावर झाडलेल्या चार गोळ्या

३ फेब्रुवारी
सासऱ्यांची रायफल आज घरी आली. लायसन्सवर आता माझं नाव. सासरे शिकारी होते. रानरेडा, अस्वल असल्या अंगावर येणाऱ्या जनावरांसाठीच ही रायफल बनवलेली. अक्रोडाचा दस्ता, जाड नळी. आत एका वेळी चार काडतुसं, प्रत्येक माझ्या मधल्या बोटाएवढं. गोळी झाडली की बोल्ट, म्हणजे बाजूचा दांडा, हाताने मागे ओढायचा, आतलं काडतूस उडून बाहेर पडतं. पुढे ढकलला की नवीन आत जातं. सोपं आहे.
मी अजिबात घाबरलेलो नाही. कपाटात उभी केली. नळी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे.

४ फेब्रुवारी
नळी फिरवून दुसऱ्या भिंतीकडे केली. त्या भिंतीपलीकडे आमचाच पलंग. मग छताकडे केली. वर रिटायर्ड हेडमास्तर राहतात. शेवटी जमिनीकडे. बायको म्हणाली, अहो ती रिकामी आहे, लहानपणी मी तिच्यावर ओले मोजे वाळत घालायचे. तिला यंत्राचं गांभीर्य नाही.

५ फेब्रुवारी
ऑफिसात सहज विषय निघाला. (मीच काढला.) आमचं मोजणी खातं. मी नकाशे काढतो. वीस वर्षांत कोणी माझ्या टेबलाभोवती जमलं नव्हतं, आज जमले. सासऱ्यांच्या शिकारीचे दोन किस्से सांगितले. सांगता सांगता त्यात सासऱ्यांच्या जागी मी आलो. गर्दीत बोलताना असं होतं. साहेब दारात उभे राहून ऐकत होते.

९ फेब्रुवारी
रायफल क्लबवर प्रॅक्टिस. एकच गोळी झाडली, ती उत्तम गेली. कुठे, ते कोणाला सापडलं नाही. धक्का असा बसला की टोपी मागच्या बाकावर. शिकवणारे मेजर म्हणाले, पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून बघा. खांदा काळानिळा. घरी बायकोने नळीतून फडकं ओढलं, एका गोळीत काळंकुट्ट निघालं; नळी स्वच्छ होईपर्यंत ती ओढत राहिली. दुसरी गोळी झाडली नाही. काडतुसं उगाच वाया का घालवा?
निश्चय: रोज सकाळी रिकाम्या रायफलीवर पन्नास वेळा सराव.

१४ फेब्रुवारी
सराव जोरात. बोल्ट मागे, पुढे, मागे, पुढे. आता डोळे मिटूनही जमतं. चाप मात्र ओढत नाही. ओढला की आतून खट् आवाज येतो, तो पोटात जातो. चापाचा सराव पुढच्या आठवड्यात. त्यात शिकण्यासारखं आहे तरी काय? बोट वाकवायचं.

१६ फेब्रुवारी
वाईट बातमी. म्हणजे चांगली संधी. नदीच्या वळणावर पूल व्हायचाय, त्याची मोजणी अडलीय. तिथे एकटा रानरेडा फिरतो. चौकीदाराची झोपडी आडवी केली, एका गुराख्याचा पाय मोडला. मजूर जायला तयार नाहीत. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, काळजी कशाला, आपल्याकडे शिकारी आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

१९ फेब्रुवारी
गुडघ्याचं जुनं दुखणं अचानक उसळलं. डॉक्टरांकडे गेलो, सर्टिफिकेट सुचवलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पायाने त्यांचं स्टूल पाडलं. म्हणाले, असा गुडघा तरुणांतही दिसत नाही.
दुसरे डॉक्टर बघायला हवेत. परवा निघायचंय.

२२ फेब्रुवारी, सकाळी ९
नदीवर पोचून एक दिवस झाला. साहेब, ड्रायव्हर, मी आणि लंबू. लंबूची उंची पाच फूट दोन, पण मोजणीची चौदा फुटी पट्टी तो धरतो म्हणून लंबू. चिखलात खुरांचे ठसे. एका ठशात माझी जेवणाची थाळी बसली असती. ठशात पाणी अजून झिरपत होतं. म्हणजे ताजा, असं लंबू म्हणाला. मी विचारलं नव्हतं.
पोट बरं नाही. पाणी बदललं की होतं.

२२ फेब्रुवारी, दुपारी ४
गवतात काहीतरी फुरफुरलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, कारण मी जीपमध्ये पाठमोरा बसलो होतो. लंबू विचारत होता, भाऊ, तुम्ही असताना भ्यायचं कारण नाही ना? घरी दोन लहान मुली आहेत त्याच्या. नाही म्हणालो. आवाज बारीक निघाला. धूळ फार आहे इथे.

२३ फेब्रुवारी, दुपारी १
इतिहास घडला. लिहून ठेवतो.
लंबू काठावर पट्टी धरून उभा. मी मोजणीच्या दुर्बिणीपाशी, भरलेली रायफल हातात. साहेब आणि ड्रायव्हर मागे जीपमध्ये. वारा पडलेला, तरी गवत हललं. मग ते बाहेर आलं. केवढं काळं! शिंगांना चिखल. लंबूने पट्टी टाकली, पळाला, पाच पावलांवर पडला. रेडा खाली मान घालून त्याच्या रोखाने.
मी रायफल खांद्याला लावली आणि धडाधड चार गोळ्या झाडल्या. सरावाचा केवढा फायदा! बोल्ट मागे, पुढे, मागे, पुढे. धक्का जाणवलासुद्धा नाही. शूर माणसाला त्या क्षणी जाणवत नसावा. गोळ्यांचा आवाजही आठवत नाही, एक लांबलचक भोंगा तेवढा आठवतो. रेडा थबकला, मान झटकली आणि वळून झाडीत गेला.
लंबू माझा हात धरून रडला. मीही. ते आनंदाने.

२४ फेब्रुवारी
परतीच्या वाटेवर. ड्रायव्हर म्हणतो, हॉर्न मी दाबून धरला म्हणून रेडा वळला. दाबला असेल. त्या माणसाला कौतुकाची भूक आहे. साहेब सीटखाली होते, त्यांनी काही पाहिलं नाही. पण त्यांना खात्री आहे की त्यांनी गोळ्या ऐकल्या.

२६ फेब्रुवारी
ऑफिसात परवा माझ्यासाठी कार्यक्रम. भाषण लिहायला घेतलंय. 'भीती म्हणजे काय ते मला ठाऊक नाही' अशी सुरुवात. बायकोने वाचलं. मग रायफल साफ करायला बसली. नळीत दोरा घालून फडकं ओढलं, बाहेर आलेलं फडकं उजेडात धरून बराच वेळ बघितलं. पांढरं स्वच्छ होतं. म्हणाली, चार गोळ्या ना? मी म्हटलं, चार.

२८ फेब्रुवारी
कार्यक्रमाआधी लंबूने जिन्याखाली बोलावलं. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चार काडतुसं. अख्खी. पुढे गोळी तशीच, मागच्या बुडाला टाचणीएवढाही ठसा नाही. म्हणाला, त्या दिवशी पट्टी आणायला परत गेलो, तर भाऊ, तुम्ही उभे होतात तिथे गवतात पडली होती. कोणाला दाखवली नाहीत. दाखवणारही नाही. पुरचुंडी त्याने माझ्या खिशात घातली.
म्हणजे मी नुसताच बोल्ट ओढत गेलो होतो. भरलेली काडतुसं एकामागून एक उडवत होतो. चापाला बोट लावलंच नव्हतं. आणि समोर हा माणूस पडलेला होता.
भाषण खिशातच ठेवलं. उभा राहून सांगून टाकलं की मी एकही गोळी झाडली नाही, लंबूला ड्रायव्हरने वाचवलं. मग साहेब उठले, म्हणाले, याला म्हणतात विनय! टाळ्याच टाळ्या. ड्रायव्हरसुद्धा डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. खिशात काडतुसं होती, दाखवता आली असती. हात खिशात गेलाही होता. टाळ्या थांबेपर्यंत तिथेच राहिला.

३ मार्च
ऑर्डर आली. नदीपलीकडच्या रानात सहा महिने मोजणी. माझी नेमणूक, 'रायफलीसह'. निघायचं पंधरा तारखेला. सोबत लंबू. त्याने स्वतः नाव दिलंय.
त्याला स्टोअररूममध्ये गाठलं. म्हटलं, वेड लागलंय का तुला? सगळं ठाऊक असून? तो म्हणाला, मीही विचार केला भाऊ. पण त्या दिवशी उभे तुम्ही एकटेच होतात.
म्हटलं, अरे, पाय हललेच नाहीत माझे.
त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, तेही चालेल. फक्त या खेपेला चाप ओढा.
घरी येऊन बायकोला म्हटलं, मला फार भीती वाटते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदा म्हटलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, शेजारी बसली. म्हणाली, बाबांनाही वाटायची. शिकारीला जायच्या आधी उलट्या व्हायच्या.
मला दोनदा झाल्या. अजून बारा दिवस आहेत.