तिसऱ्या उद्घाटनाची तक्रार

आई, ज्या कलमाखाली माझ्यावर तक्रार झाली होती ते कोर्टाने रद्द केलं, तेव्हा ती बातमी ऐकायला तू नव्हतीस. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज जुना ब्लॉग चाळताना ज्यावरून तक्रार झाली तो लेख सापडला आणि मी घरात एकटीच मोठ्याने हसले.

तू नाशिकच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होतीस. नव्वदच्या दशकात आपल्या घरी फोन आला, तेव्हा मी कॉलेजात होते. कुणीतरी रोज संध्याकाळी फोन करून घाणेरडं बोलायचं. मी रडकुंडीला आले, तेव्हा रिसीव्हर तू घेतलास. "बोला, मी एक्सचेंजमध्येच असते. तुमच्या घरच्यांना लाइन जोडून देऊ का?" पलीकडे फोन आपटला. तरी तू तेवढ्यावर थांबली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला घेऊन जाऊन रीतसर तक्रार केलीस. अशा माणसांना कायद्याचा धाक हवाच, हे तुझं ठाम मत.

म्हणूनच पुढचा प्रसंग मला इतका आवडतो. आयटी कायद्यात नवीन कलम आलेलं, आणि मी नवी ब्लॉगर. आपल्या कॉलनीतल्या जॉगिंग ट्रॅकचं तिसरं उद्घाटन झालं, तेव्हा मी लिहिलं, 'नगरसेवक इथे चालायला येत नाहीत, फक्त फीत कापायला येतात. तेवढाच त्यांचा व्यायाम.' लगेच पोलीस स्टेशनातून बोलावणं. तू कडक इस्त्रीची साडी नेसून माझ्यासोबत. साहेब म्हणतात, "ताई, नेटवरून कुणाला त्रास दिला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लेख काढून टाका, विषय संपवू." शेजारच्या खुर्चीत नगरसेवक गाल फुगवून बसलेत. मी मान हलवणार, तेवढ्यात तू म्हणतेस, "आधी मोठ्याने वाचून तर दाखवा, साहेब."

साहेब वाचतात. व्यायामाच्या वाक्याला दारातला हवालदार फिस्सकन हसतो आणि खोकल्याचं नाटक करतो. "यात शिवी कुठे आहे?" तू विचारतेस. "घाणेरडे फोन आलेल्या बायकांची रडणी मी नोकरीभर ऐकली. कायदा त्यांच्यासाठी वापरा ना. हिचं काही खोटं असेल तर सांगा, ती दुरुस्त करेल."

"खोटंच आहे!" नगरसेवक उसळतात. "उद्घाटनं दोनच झाली."

"भाऊ, गणपतीतलं धरलंत का?" तू विचारतेस.

ते बोटं मोजू लागतात. तिसऱ्या बोटावर अडकतात. आणि मग, आई, तो माणूस पोट धरून जो हसतो! "जाऊ द्या साहेब, तीनच झाली. तक्रार मागे घेतो. पण काकू, ट्रॅक चांगला झालाय की नाही?"

"झालाय ना. आता दिवे लावा, म्हणजे चौथं उद्घाटन करता येईल."

बाहेर पडल्यावर आपण मिसळ खाल्ली. झणझणीत रश्शाने की हसण्याने, दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दिवे खरंच लागले. फीत कापायला त्यांनी तुलाच बोलावलं आणि त्यावर मी पुन्हा लिहिलं.

हे सगळं मात्र ब्लॉगवर टाकणार नाही. भीती कुणाचीच नाही. पण यात तू इतकी छान दिसतेस, की एवढी तरी तू माझ्या एकटीची असावीस असं वाटतं.