काठावरून बेट स्पष्ट दिसतं

१२ जानेवारी २०२५, इंदूर, सकाळी
ठरलं. नऊ फेब्रुवारीला लग्नाला वीस वर्षं होतात. नंदिनीने अजून समुद्र पाहिलेला नाही. तो दाखवायचा, बोटीत बसून. किल्ला, बेटं, बीच, सगळं एका दिवसात. मालवण. पुढाकार माझा.

दुरुस्ती: पुढाकार तिचा. चहा गाळता गाळता म्हणाली, अहो, वीस वर्षांपासून ऐकतेय, चलेंगे, चलेंगे. बोटीत माझ्या शेजारी बसणार असाल तर तिकिटं काढा. काठावर बसणार असाल तर आत्ताच सांगा, पुढच्या वेळेपासून मी एकटी जात जाईन.

काठाचा विषय मध्येच कुठून आला कळलं नाही. मला पाण्याची भीती नाही. मी फक्त सावध आहे.

१४ जानेवारी
ऑफिसात लंच टाइममध्ये एक्सेल शीट केली. ९.०० किल्ला, ११.१५ छोटं बेट, १२.४० जेवण, १.३० डॉल्फिन. (डॉल्फिनला पंधरा मिनिटं पुरतील.) शेजारच्या टेबलावरचा नागसेन वाकून बघत म्हणाला, भिया, भरती-ओहोटीचा कॉलम कुठाय? मी म्हणालो, आपण टाइमाने चालू, समुद्र ॲडजस्ट करेल. तो परत आपल्या डब्याकडे वळला. पटलं असावं.

आजोबा महूला फौजेत होते. आमच्या रक्तातच डर नाही.
दुरुस्ती: स्टोअरमध्ये होते, ब्लँकेटं वाटायचे. पण फौज ती फौज.

१९ जानेवारी, रविवार
समुद्राची प्रॅक्टिस म्हणून तलावावर गेलो. बदकाच्या आकाराच्या पॅडल बोटी आहेत. लाइन मोठी होती. नंबर येईपर्यंत दोन कचोऱ्या खाल्ल्या, आणि खाऊन लगेच पाण्यात जाणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. नंदिनी एकटीच दोन राउंड मारून आली. मी काठावरून लेफ्ट-राइट सांगत होतो. टीमवर्क चांगलं झालं. ती म्हणाली, आवाज येत नव्हता.

५ फेब्रुवारी
पॅकिंग. दीड किलो सेव, पोह्यांवर टाकायचा जिरावन मसाला, कचऱ्याच्या दोन पिशव्या: हिरवी ओल्यासाठी, निळी सुक्यासाठी. नंदिनीने विचारलं, आपण फिरायला चाललोय की नगर निगमच्या दौऱ्यावर? मी म्हणालो, इंदूरचा माणूस कुठेही गेला तरी इंदूरचा. स्वच्छतेत पहिला नंबर आपला, सगळा देश आपल्याकडे बघतोय. ती म्हणाली, मी फक्त तुमच्याकडे बघणार आहे. रोमँटिक बोलली असावी.

९ फेब्रुवारी, सकाळी ८.४०, मालवण जेट्टी
समुद्र पाहिला. मोठा आहे. फोटोत एवढा वाटत नाही. नंदिनीने माझा हात धरला. तळव्याला घाम फार येतोय म्हणाली. इथली हवाच दमट आहे.

बाळकृष्ण नावाचा बोटवाला ठरवला. मी त्याच्याशी शुद्ध मराठीत बोललो: भिया, दो जण आहोत, आरामात घेऊन चला, जल्दी नाहीये. तो म्हणाला, हां साब, बैठो. मी म्हणालो, मी मराठीच बोलतोय. तो म्हणाला, हां साब, समझ गया.

९.१०
पहिली बोट सोडली. लाइफ जॅकेटचा बक्कल सैल होता.

९.३५
दुसरी सोडली. बक्कल फार टाइट होता.

१०.०५
जेट्टीवर डस्टबिन एकच! ओला, सुका सगळा एकत्र. शहाळी, चिप्सची पाकिटं, मक्याची कणसं, एकाच ढिगात. असं कसं सोडून जायचं? पिशव्या काढल्या आणि कामाला लागलो. नंदिनी दुसऱ्याच एका बोटवाल्याच्या बोटीत चढली. म्हणाली, अहो, बोट सुटतेय. मी म्हणालो, फक्त दोन मिनिटं. ती म्हणाली, अहो, कचरा संध्याकाळी पण इथंच असेल. मी म्हणालो, शहराच्या इज्जतीचा सवाल आहे. ती म्हणाली, कुठल्या शहराच्या?

बोट सुटली. मी हात हलवला. हातात कणीस होतं.

११.३०
लोकांचा प्रतिसाद उत्तम. एका बाईंनी रिकामं शहाळं माझ्या हातात देऊन विचारलं, दादा, तुमची गाडी किती वाजता येते?

१२.१५
नंदिनीचा फोटो आला. किल्ल्याच्या तटावर, ओढणी उडतेय. खाली लिहिलंय: बोटीतल्या काकूंनी विचारलं, एकट्याच आलात का? मी हो म्हटलं.

टेक्निकली बरोबर आहे. पण हा फोटो चार वेळा पाहिला.
दुरुस्ती: अकरा वेळा.

१.४५
तिचा फोन आला. किल्ला पाहून झाला, आता किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटावर उतरलीय, बोट बाकीच्यांना घेऊन पुढे डॉल्फिन बघायला गेलीय. मी म्हणालो, तिथंच थांब, मी येतोय. ती म्हणाली, खरंच? त्या खरंचमध्ये काय होतं ते लिहिता येत नाही.

बाळकृष्णची बोट आता जेट्टीवर नाही, बाजूच्या वाळूपाशी उथळ पाण्यात उभी आहे. म्हणाला, बैठो साब, देखता हूँ. बसतो. बक्कल ठीक आहे.

३.३०
खरं खरं लिहितो.

बसलो. दोन्ही हातांनी फळी धरली. मागे खटपट ऐकू आली, बोट हलली, आणि मी डोळे मिटले. मिटल्यावर समुद्राचा आवाज नीट ऐकू येतो. मोठ्या लाटा होत्या. मी ओरडलो नाही. मनात म्हणालो, नंदिनी, बघ, निघालो. थोड्या वेळाने लाटा शांत झाल्या. खोल समुद्र शांत असतो असं वाचलंय. मग बोट डाव्या बाजूला कलली आणि कललेलीच राहिली. वादळ! फळी सोडली नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग अगदी जवळून नंदिनीचा आवाज आला: अहो, कुठं निघालात?

डोळे उघडले. बोट ओल्या वाळूवर आडवी टेकली होती. पाणी शंभर पावलं मागे गेलेलं. बोटीच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. नंदिनी समोर उभी, सलवार गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात. ओहोटी लागली की त्या बेटावरून चालतच येता येतं म्हणे. मधे पोटरीएवढं पाणी. बाळकृष्ण केव्हाच जेवायला गेला होता. पाणी उतरतंय, आता संध्याकाळी, असं मला सांगून गेला म्हणतो. मला ऐकू आलं नाही. वादळ होतं.

मी म्हणालो, तुझ्याकडेच निघालो होतो.

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. बोटीत चढली, शेजारी बसली. कलल्यामुळे सारखी माझ्या अंगावर घसरत होती. आम्ही तसेच बसून सेव खाल्ली.

१५ फेब्रुवारी, इंदूर, संध्याकाळी ६
आज तिला सांगून टाकलं. पोहे भिजवत होती. म्हणालो, मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून.

ती म्हणाली, माहितीये. महेश्वरच्या घाटावर कळलं, दोन हजार सहामध्ये. नावेत बसायची वेळ आली तेव्हा तुमची चप्पल तुटली होती. तुम्हीच तोडली होती, मी पाहिलं.

मी विचारलं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. सांगितलं असतं तर मी पण बसले असते ना काठावर, आरामात.

मला एकदम हलकं वाटलं. म्हणालो, मग झालं तर. आता सांगितलं ना! पुढच्या वेळी दोघं काठावर बसू.

ती पोहे निथळत म्हणाली, तेच तर. बुधवारी अंदमानचं तिकीट काढलं, कॉलनीतल्या बायकांबरोबर. पैसे परत मिळत नाहीत.

मी विचारलं, एकच काढलं? ती म्हणाली, बुधवारच्या आधी सांगायचं होतं ना अहो.