आमच्याच दारात हाक

१५ एप्रिल ७३, झावळ्यांचा रविवार
यंदा ईस्टरची हाक मी देणार! मी!! पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर सांगितलं. आजवर हा मान म्हाताऱ्या पंचांचाच. पहाटे दारोदार फिरून ‘प्रभू उठला आहे’ म्हणायचं. आतून ‘खरोखर उठला आहे’ आलं की ते घर कंदील घेऊन फेरीत. तीन हाकांत उत्तर नाही, तर पुढे. घरी पळतच आले. चोवीस वर्षांची मास्तरीण, शोभतं का!
आबांना सांगितलं. कूस बदलून निजले.

१७ मंगळ.
आबा शेवटी बोलले. “माज्या दाराशी थांबू नका. तिला म्या मातीत ठिवलीया. कोन उठलंय, मला नका सांगू.”
नाताळाआधी आई गेली, तेव्हापासून आबांचा देवळात पाय नाही. आमच्या घराचं उत्तर आईच द्यायची, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं. मीसुद्धा ते वाक्य नुसतं पाठ म्हणत आले. यंदा मात्र ते खरं असायलाच हवं. नाहीतर आई कायमचीच मातीत...

२० उत्तम शुक्रवार
तीन तास उपासना, घसा बसला. गरम पाणी, मीठ. शेजारच्या सगुणामावशींना विचारलं, आमचं घर वगळू का?
“सोताचं घर सोडनार? मंग आमच्या दारी कशाला येती?”
यादीत आमचं घरही लिहिलं.

२२ ईस्टर!!
झोप कसली. चारला गुपचूप बाहेर. बावीस घरं, बावीस उत्तरं! दिमडी, टाळ, मागे कंदिलांची रांग. मग आमचं दार.
पहिली हाक. काही नाही. दुसरी. मावशींनी माझा दंड धरला. तिसरी अर्धीमुर्धीच निघाली.
आतून आबा: “मोट्यानं म्हन की! तुज्या आईला असलं मुळूमुळू चालत नव्हतं.”
हसू का रडू! जीव खाऊन ओरडले.
“खरोखर...” एवढंच आलं. उरलेलं सगळ्या फेरीनं म्हटलं. दार उघडलं नाही. पण बोलले!! फेरी शेवटी कबरस्थानात गेली, तिथे आईच्या मातीपाशी इतकं गायले की आता आवाजच नाही.

२३ सोम.
आबा पहाटेच दुष्काळी कामावर निघाले, खडी फोडायला. चहा घेतला, घण खांद्यावर टाकला, उंबऱ्यात थांबले.
“फुडल्या सालीबी हाक तूच?”
मान हलवली.
“मंग घरातनं ओ कोन देनार?”
आणि उत्तराला न थांबता गेले.