शिवायला आलेली पुस्तकं

४ जानेवारी, सोमवार

चिठ्ठी माझीच निघाली!

तीसेक आया लेकरांच्या वर्गात बसलो होतो, पोरांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे पार हनुवटीला. बाईंनी डबा हलवला आणि दोन चिठ्ठ्या काढल्या. एक बँकेतल्या बाईंची, एक माझी. आम्ही दोघींनी दुसरीच्या वर्गासाठी चाळीस पुस्तकं निवडायची. मुलं आपणहून उचलतील, आवडीनं वाचतील, अशी. महिनाअखेरीला यादी द्यायची. आणि पुस्तकं आली की पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी वर्गापुढं एकेक वाचून दाखवायचं.

सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. 

मला नाही जमणार म्हणायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही तर दहावी झालेल्या आहात, फॉर्मवर बघितलंय मी. काही अवघड नाही."

फॉर्मवर आहे खरं. ह्यांनी लिहिलं ते. मी चौथी. तीही परीक्षेपर्यंत नाही.

५ जानेवारी

ह्यांना सांगितलं. हसले. म्हणाले, अगं, पुस्तकं निवडायचीत, कुणाचं ऑपरेशन नाही करायचं! ह्यांचं काय जातंय. फॉर्म ह्यांनी भरला, निस्तरायचं मी.

७ जानेवारी, गुरुवार

आज काज-बटणाचं काम कमी होतं. दोन डझन शर्ट दुपारपर्यंत उरकले. मग कपाटातून तो प्रवेशाचा कागद काढला. खाली बारीक अक्षरात आहेच — खोटी माहिती आढळल्यास प्रवेश रद्द. बोट ठेवून दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तेच निघालं.

समजा, वर्गात वाचताना अडखळले. बाईंच्या लक्षात आलं. मग? माझ्या भिंगरीला शाळेतून काढतील का? आधीच तिच्या नावानं बाईंची तक्रार आहे. अक्षरं सगळी येतात, पण वाचत नाही. पुस्तक समोर धरलं की डोळे खिडकीबाहेर. नाव भिंगरी उगाच नाही पडलं, एका जागी पाच मिनिटं टिकत नाही.

माझ्यासारखी राहू नये. एवढंच. बाकी काही मागणं नाही.

आणि तिला कळू नये. ती सगळ्यांना सांगते, माझी आई दहावी आहे. कागदावरचं तिनं ऐकलं असेल कुठंतरी. मी एकदाही खोडलं नाही.

९ जानेवारी, शनिवार

बँकेतल्या बाईंकडं गेले. चहा झाला. त्यांची यादी तयारच होती. थोर लोकांची चरित्रं, सामान्य ज्ञान, चांगल्या सवयींच्या गोष्टी. दुकानातून ढीगभर पुस्तकं बघायला आणून ठेवली होती. तुम्ही बघा, मला तुमचं मत हवंय, म्हणाल्या.

मत! मी पुस्तक हातात घेतलं आणि हात आपोआप पाठीकडं गेले. पाठ म्हणजे पुस्तकाची. मधोमध उघडलं, शिलाई बघितली, पान हळूच ओढून बघितलं. नुसतं डिंकानं चिकटवलेलं बाजूला, दोऱ्यानं शिवलेलं इकडं. एकामागून एक. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुमची नजर पारखी आहे हो, हे मला सुचलंच नसतं, पोरं तर पुस्तकाच्या चिंध्या करतात.

पुस्तकं शिवणाऱ्या अप्पांची लेक आहे मी. एवढं तर येणारच.

माझ्या पारखीची बारा पुस्तकं यादीत गेली. आत काय होतं, एकाचंही वाचलं नाही. फुगून घरी आले, झालं!

१२ जानेवारी, मंगळवार

त्यातली सहा घरी आणली होती, भिंगरीला दाखवायला. संध्याकाळी बघते तर तिनं बाहुलीला घर बांधलंय. चार भिंती, दोन छपराला. म्हटलं, वाचलीस का गं? म्हणाली, "आई, ही पुस्तकं छान आहेत, अजिबात पडत नाहीत."

हसावं का रडावं.

१३ जानेवारी, बुधवार

सकाळपासून अप्पा डोळ्यापुढून हलत नाहीत.

अप्पांचं बाइंडिंगचं दुकान म्हणजे एक खोली. दारातून आत आलं की डावीकडं लोखंडी शिकंजा, त्यात दाबून ठेवलेली पुस्तकं. उजवीकडं खळीचं पातेलं. त्या खळीचा आंबूस वास अप्पांच्या सदऱ्याला, बोटांना, मिशीलासुद्धा. आई म्हणायची, तुमच्या मिशीला चिकटून माशी मरेल एक दिवस. अप्पा म्हणायचे, तेवढी ताकद आहेच माझ्या खळीत, नाहीतर तुझ्या हातच्या कणकेनं चिकटवलं असतं.

मी टेबलाखाली बसायची. तिथं वाचनालयातून शिवायला आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असायचा. आठवडाभर मुक्काम. कुणाला पुठ्ठा नाही, कुणाची पहिली पानं गेलेली, कुणाची शेवटची. मी तीच वाचायची. राक्षस विहिरीत उतरला — आणि पुढचं पान नाही! मी टेबलाखालून ओरडायची, अप्पा, उतरला, पुढं? अप्पा सुई चालवत सांगायचे. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं नसायचं. पण सांगायचे. राक्षसाला विहिरीत त्याची हरवलेली चप्पल सापडायची. एकच. मग तो दुसरीसाठी गावभर फिरायचा. मी हसून हसून टेबलाला डोकं आपटून घ्यायची.

मी चौथीत असताना त्यांची नजर अधू झाली. सुईत दोरा जाईना. दोरा ओवायला मी शाळा बुडवून थांबू लागले, आधी शनिवारी, मग रोज. कुणी शाळा सोड म्हणालं नाही. सुटली. माझं अक्षर त्या चौथीतलंच राहिलं, हे असं मोठं मोठं, सुटं सुटं. पण अप्पांचा राग कधी आला नाही. त्या टेबलाखालचे दिवस कुणी परत देत असेल तर आज घेईन.

एक गोष्ट आत्ता लिहिताना सुचली. त्या गठ्ठ्यात तीच तीच पुस्तकं परत यायची. दोन वर्षांनी तेच पुस्तक, पुन्हा खिळखिळं. आणि काही पुस्तकं कधीच यायची नाहीत. अप्पा म्हणायचे, जे चांगलं असतं ते माझ्याकडं येतं.

मी मूर्ख! घट्ट पुस्तकं निवडत बसले. घट्टच राहिली असती, कारण कुणी उघडलीच नसती.

१६ जानेवारी, शनिवार

भिंगरीला घेऊन वाचनालयात गेले. तिथल्या काकांना म्हटलं, मुलांची फाटकी पुस्तकं दाखवा. ते म्हणाले, फाटकी देत नाही आम्ही, ही बघा, नवीन आलीत. म्हटलं, नवीन नकोत, शिवायला काढून ठेवलेली हवीत. त्यांनी चष्मा वर केला. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भाजीवाल्याकडं सडकी वांगी मागितली.

मागच्या खोलीत कपाट होतं. उघडलं. तोच वास! खळ नव्हती, तरी तोच. कोपरे मऊ झालेले, पानांवर बोटांचे ठसे, एका माकडाच्या चित्राला कुणीतरी मिशा काढलेल्या. मी खाली फरशीवरच बसले. एकेक नाव लिहून घेतलं. जे जास्त फाटकं ते वर.

काका मग खुलले. हे दर वर्षी शिवतो, म्हणाले, ह्याच्या तीन प्रती संपल्या. जाताना म्हणाले, तीस वर्षांत हे कपाट बघायला मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

भिंगरी कुठं आहे बघते तर कपाटाच्या बाजूला भिंतीला टेकून. मांडीवर पुस्तक. ओठ हलत होते. मी हाक मारली नाही. खोकलासुद्धा दाबला.

शेवटचं पान नव्हतं त्याला. घरी येईपर्यंत तिचं एकच — पुढं काय? मी अप्पांसारखं सांगितलं, मनाचं. ती म्हणाली, हे तू बनवलंस. खरं काय लिहिलंय ते हवं मला.

१९ जानेवारी, मंगळवार

बँकेतल्या बाईंना नवी यादी दाखवली. त्यांच्या कपाळाला आठ्या. भुतं, माकडं, चोर, एक तर नुसतं शेंबड्या हत्तीचं. ह्यातून मुलं काय शिकणार, म्हणाल्या.

मी घाबरले. तरी बोलले. "ताई, आधी वाचू देत. शिकतील मग."

त्यांनी यादी पुन्हा उचलली. मग हळू आवाजात म्हणाल्या, त्यांचा मुलगा दिलेलं पुस्तक वाचतो आणि विचारतो, झालं, आता जाऊ? रोज हेच. त्यांनी माझ्या यादीतला हत्ती त्याच्यासाठी लिहून घेतला. वीस तुमची, वीस माझी, असं ठरलं.

निघताना म्हणाल्या, तुम्ही पुढं शिकायला हवं होतं, दहावीवर का थांबलात? ओठावर आलं होतं. चपला घातल्या आणि निघाले.

२९ जानेवारी, शुक्रवार

यादी दिली. पुस्तकं सोमवारी येणार, मंगळवारी वाचायचं. वाचनालयातल्या काकांकडून मागून आणलेलं हत्तीचं पुस्तक आरशासमोर सहा वेळा वाचलं. "सोंडेतून" ला सहाही वेळा अडले. भिंगरी घरात आली की पुस्तक शर्टांखाली लपवते. बटणं लावायची सोडून हे धंदे!

२ फेब्रुवारी, मंगळवार

आधी बँकेतल्या बाईंनी वाचलं. भराभर, टीव्हीवर बातम्या देतात तसं. मग मी.

 बोट न ठेवता सुरू केलं. दुसऱ्या ओळीला अक्षरं नाचायला लागली. मग बोट ठेवलं. काय करणार! सगळ्या वर्गासमोर, बाईंसमोर, बोट ठेवून, शब्द शब्द. सोंडेतूनला अडलेच. मागून कुणी पोरगी म्हणाली, काकू किती हळू वाचतात. तिच्या शेजारची म्हणाली, गप गं, हळूच बरंय, पुढं काय होणार ते ओळखता येतं. आणि खरंच ओळखायला लागली पोरं. हत्ती आता शिंकणार! मी पान उलटलं, हत्ती शिंकला, सगळा वर्ग लोळला.

बाई दाराशी उभ्या होत्या.  नुसतं बघत होत्या, माझ्या बोटाकडं.

भिंगरी पहिल्या बाकावर. ती हसली नाही. ती पण बोटाकडंच बघत होती.

 घरी येताना रस्ताभर तिनं माझा हात सोडला नाही.

३ फेब्रुवारी

भिंगरीनं त्या वाचनाचा विषय अजून काढला नाही. शाळेतूनही निरोप नाही. दार वाजलं की आधी खिडकीतून बघते.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वही उघडली तर परवाच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

"आई मी पहिल्या पानापासून सगळं वाचलं. बाईंना नाही सांगणार. अप्पांचं अजून लिही."