अनवर्दी: वाक्यात उपयोग

वरवंड

चि. गोकुळ,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सप्ताहात माझ्या हातची वीणा घ्यायला तू पुढं आलास आणि मी चारचौघांत म्हणालो, "दारुड्याच्या हाती वीणा द्यायची न्हाई." तू तसाच सणसवाडीला खोलीवर निघून गेलास. वर्षभर तू थेंबही घेतला नव्हतास, हे मला ठाऊक होतं. पण वीणा देताना एकमेकांच्या पाया पडतात. धाकट्या भावाच्या पाया मला पडायचं नव्हतं.

तू आमच्याकडे ठेवलेल्या तुझ्या लेकीनं, अक्षदानं परवा इंग्रजीचा अभ्यास काढला. "आप्पा, अनवर्दी म्हंजी काय?"

"लायकी नसलेला."

"वाक्यात उपयोग सांगा की."

मी म्हणालो, "लिही, माझे वडील अनवर्दी आहेत."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं. बाईंनी बरोबरची खूण केली.

आज पूजा आटोपून तिला म्हटलं, "पोरी, ते पान फाड. मी खोटं सांगितलं."

"उगं पप्पांची बाजू घेऊ नका, आप्पा. गळ्यात माळ हाय तुमच्या, तुम्ही खोटं बोलणार व्हय? त्यांचा फोन आला तर मी न्हाई म्हणून सांगा."

दुपारी तुझा फोन आला. मी तसंच सांगितलं.

हे पत्र पोथीखाली ठेवतो आहे.

दादा