डाव्या हाताला प्रश्न विचारण्याबाबत

प्रति,
मा. शाळा तपासणी अधिकारी,
प्राथमिक मराठी माध्यम, सिल्वासा.

विषय: इयत्ता चौथीतील माझी मुलगी ममता हिला एक तरी प्रश्न विचारला जाण्याबाबत.
संदर्भ: आपला शेरा, "येथील प्रत्येक मूल आत्मविश्वासाने हात वर करते."

महोदय,

शेरा खरा आहे. हात सगळ्यांचे वर होतात. कसे होतात, ते आपणास ठाऊक नसेल. किंवा असेल.

१. तपासणी जवळ आली की वर्गात सराव होतो. साहेबांनी प्रश्न विचारल्यावर प्रत्येकाने हात वर करायचा. उत्तर येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. बाई उजव्यालाच उठवतात.

२. ममता डावखुरी आहे. लिहिते, जेवते, धुणं पिळते, सगळं डाव्याने. उत्तर आलं की तोच हात आधी वर जातो. म्हणून तिला कोणी उठवत नाही. पोरं तिला 'डावी' म्हणतात.

३. कंपनीतली पाळी बुडवून मी वर्गशिक्षिका रजनीबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "वाल्मिकभाऊ, एकीसाठी नियम बदलला तर साहेबांसमोर घोटाळा होईल. तिलाच उजवा करायला शिकवा ना." शिकवला. तिने उजवा वर केला तर मागून पोरं म्हणाली, "बाई, डावीला येतंय म्हणे." बाईसुद्धा हसल्या. तिने उत्तर बरोबर दिलं होतं, ते हसण्यात गेलं.

४. तपासणीला आपण सात गुणिले आठ विचारलंत. ममता पहिल्या बाकावर होती, तिचा डावा हात आपल्या कोटाला लागत होता. बाईंनी बोट दाखवलं, आपण उजवा वर केलेल्या हर्षलला उठवलंत, त्याची पाठ थोपटलीत आणि वरील शेरा लिहिलात.

५. तेव्हापासून तिला काहीही विचारलं की ती डावा हात वर करते आणि गप्प बसते. परवा पाहुण्या बाईने नाव विचारलं. तरी हात वर.

तरी आपण स्वतः त्या हाताला एक प्रश्न विचारावा. सोपा विचारून उपकार करू नयेत. हे जमण्यासारखं नसेल, तर तो हात कोपरापासून काढून शाळेच्या कपाटात जमा करून घ्यावा. उजवा तेवढा ठेवावा, पुढच्या तपासणीला लागेल.

हा अर्जही डाव्या हाताने लिहिला आहे. म्हणून मला काही येत नाही असं धरून तो बाजूला सारू नये.

नम्र राहून कंटाळलेला,
वाल्मिक सोनवणे
किलवणी रस्ता, सिल्वासा
दि. ११ मार्च २०२५

सोबत: ममता, वय नऊ. आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसवली आहे. शिपायाने "काय काम आहे?" विचारलं, तेव्हापासून हात वरच आहे.