तेल लावलेली काच

२ फेब्रुवारी १९३२, उचगाव

पोचलो एकदाचा! बेळगाव स्टेशनापासून उचगावच्या माळापर्यंत बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण मन प्रसन्न आहे. हवा कोरडी, आभाळ धुतल्यासारखं, दगडी बंगली ऐसपैस. सूर्याचे जंबुपार किरण टिपायला संस्थेनं मला पुण्याहून इथे धाडलं आहे. जंबुपार म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा उजेड, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. माझ्या कॅमेऱ्याला गारेचं, म्हणजे स्फटिकाचं, भिंग आहे आणि त्यावर चांदीचा पातळ मुलामा. नेहमीचा उजेड बाहेरच अडतो, जंबुपार तेवढा आत येतो. बंगलीचा राखणदार भरमू याला हे सगळं तासभर समजावलं. शेवटी त्यानं विचारलं, न दिसणारा उजेड घिऊन करायचं काय? गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!

४ फेब्रुवारी

फोटोच्या साध्या काचा या कामाला कुचकामी. काचेवरच्या मसाल्यातला सरसच हा उजेड गिळून टाकतो. त्यावर परदेशात एक युक्ती निघाली आहे. काचेवर यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. न दिसणारा उजेड तेलावर पडला की तेल मंद चमकतं, आणि ती चमक काच टिपते. आंधळ्या काचेला डोळे फुटतात म्हणा ना. आज व्हरांड्यात वाया गेलेल्या काचांवर तेलाचा हात बसवत होतो. तेवढ्यात भरमूची बायको यल्लव्वा केर टाकून धावत आली आणि हातवारे करत ओरडली. ही सदलग्याकडची, बोलणं सगळं कानडी. मला कळलं ते एवढंच: "येणी... ब्याड री!" वा! बाईला इंग्रजीही येतं. माझं इथे येणं 'बॅड'! जेवताना आठवून आठवून हसलो. इथल्या बायकांच्या डोक्याला तेलाचा थेंब नसतो, आणि डोक्यात अकलेचा.

७ फेब्रुवारी

भर दुपारी तेलाची पहिली काच लावली. सूर्य माथ्यावर लागतो, नाहीतर वाटेतली हवाच हा उजेड खाऊन टाकते. बिंब सुरेख उमटलं. मात्र मधोमध तिळाएवढा डाग. भिंगाखाली धरला तर डाग कसला, पाठमोरा उभा माणूस! भरमूनं बोटं लावली असणार. चांगला झाडला त्याला. म्या हातबी लावला न्हाय, म्हणतो. लिहिता येत नाही, पण खोटं बोलायला शाळा लागत नाही.

८ फेब्रुवारी

आज काचांच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला. पडताळ्यासाठी लावलेली साधी, बिनतेलाची काच कोरी निघाली. तेलाच्या काचेवर तोच माणूस, पण आता सगळं बिंब व्यापून. पाठ अजून माझ्याकडेच. उलट्या पावलांनी जवळ येत असल्यासारखा. तेलाचा ओघळ असेल. ओघळच आहे.

९ फेब्रुवारी

यल्लव्वा आज पुन्हा तेच ओरडली. भरमूनं अर्थ सांगितला. ती म्हणत होती 'एण्णी हच्चब्याड री'. एण्णी म्हणजे तेल. तेल लावू नका. भर दुपारी तेल लावून या माळावर कोणी जात नाही म्हणे. का, ते नवऱ्यालाही ठाऊक नाही आणि बायकोलाही. गेलेला माणूस परत येत नाही की काय, असं मी टोमण्यानं विचारलं. तो म्हणाला, "येतंय की सायब. पर एकलं येत न्हाय." मी हसलो. जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

१० फेब्रुवारी

काच बसवताना घाम डोळ्यांत गेला. तेलकट बोटांनीच पुसला. चुरचुरलं. मान वर केली तर — माळावरच्या विहिरीपाशी तो. भर उन्हात, पाठमोरा. त्याचा रंग जांभळा नव्हे. जांभळ्याच्या पुढचा. त्याला मराठीत नाव नाही, इंग्रजीतही नाही. डोळे धुतले. माळ मोकळा.

मी भ्यालो. मी! एम.एस्सी. झालेला माणूस, या गावंढळांसारखा भ्यालो.

१२ फेब्रुवारी

आज मुद्दाम डोळ्यांत तेल घातलं. तो बंगलीच्या पायरीशी आहे. धुतल्यानं तो जात नाही. मला दिसेनासा होतो इतकंच — आणि तेवढ्या वेळात तो —

डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तेल घालत राहिलो तर डोळे जाणार. नाही घातलं तर तो कुठवर आला ते कळायचं कसं? भरमू गाडी जुंपून उभा आहे. चला म्हणतोय. त्या अडाण्याच्या गाडीत, त्याच्या दयेवर —

१४ फेब्रुवारी, खासबाग, बेळगाव

बसलो गाडीत. काय करणार. इथल्या डॉक्टरांनी डोळे धुऊन पट्टी बांधली. पुन्हा तेल गेलं तर दोन्ही डोळे कायमचे जातील, म्हणाले. चाचपडत लिहितोय. खोलीत मी एकटा. भरमूला पाणी मागितलं, तर त्यानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला. आत ये म्हटलं. नको म्हणाला.

"तुमी बसा दोघं."

१५ फेब्रुवारी

दुपार. पट्टी काढली. तेलाची बाटली खिशात होतीच. डोळे गेले तर जाऊ देत — पण असं पट्टी बांधून त्याची वाट बघत —

घातलं. आग — आग होतेय —

दिसतंय. भिंत. खाट. दार. कोणी नाही! खाटेखाली नाही. दाराआड नाही. पाठीमागे — नाही! कुठेच नाही! भित्रा भरमू, वेडी यल्लव्वा, सगळे एका माळेचे मणी, आणि मी त्यांचं ऐकून — उद्या पुण्याला — सगळ्यांना सांगणार की —

लिहिताना हाताकडे लक्ष गेलं. माझ्या बोटांचा रंग — जांभळा नव्हे —